बाळंतिणीची विश्रांती

महायुद्धकाळी कल्याणनजीक लष्करी छावणी उभी राहिली. १९४७ नंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील कॅम्प २ मधील दाट वस्तीत, घर सिंधी असो वा मराठी, बाळंतिणीपुढे प्रश्न एकच : सव्वा महिना बाजेवर पडून राहावे, की उठावे?

विश्रांती हवी ती कष्टांपासून, हालचालीपासून नव्हे. सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते. यास्तव प्रसूती सुखरूप झाली असल्यास पहिल्या दिवसापासूनच आधाराने चार पावले चालावे. लघुशंका रोखताना जे स्नायू आवळतात, ते एरवी बसल्याबसल्या आवळून सैल सोडावेत. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेलीने मात्र पाण्याची कळशी उचलू नये. व्यायामास डॉक्टरांच्या संमतीनेच आरंभ करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सुचविलेली आठवड्याची १५० मिनिटे क्रमाक्रमानेच गाठावयाची. रक्तस्राव वाढला, पोटरी सुजून दुखू लागली अथवा धाप लागली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

डिंकाचे लाडू घरोघरी होतातच. त्यांसमवेत घरातील कोणी रोज अर्धा तास तान्हे मूल मांडीवर घेईल, तरच बाळंतिणीस चालावयास सवड मिळेल.