घाट कोणाचा? – काशीच्या बालाजी घाटावरून स्थानिक स्वराज्याकडे



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. गंगेच्या काठावरचा दगडी पायऱ्यांचा एक घाट आणि त्याची देखभाल, एवढाच हा विषय आहे. परंतु गावाचा कारभार कसा चालत आला याचा इतिहास जाणून घ्यायचा असेल, तर राजवाड्यापेक्षा घाट हे अधिक बोलके साधन ठरते, असे मला वाटते. राजवाडा एकाच घराण्याचा असतो. घाटावर मात्र बांधणारा, वापरणारा आणि झाडणारा अशा तिघांची गाठ पडते, आणि हे तिघे क्वचितच एक असतात.

बालाजी घाट काशीच्या उत्तर भागात, पंचगंगा घाटाच्या शेजारी आहे. तेथील बालाजीच्या मंदिरावरून त्याला हे नाव पडले. या परिसराशी महाराष्ट्राचा संबंध जुना आणि घनिष्ठ आहे. जवळच ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट असून, पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. थोडे दक्षिणेला गेले की नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो, आणि त्याच्याही पुढे शिंद्यांचा. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, तेही अठराव्या शतकाच्या याच उत्तरार्धात. पुढे पेशवाईचे राजकारण ओसरल्यावर अमृतराव पेशवे आणि धाकटे चिमाजी अप्पा यांनी काशीतच वास्तव्य केले. चिमाजी अप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मनकर्णिका, म्हणजेच पुढची राणी लक्ष्मीबाई, हिचा जन्म याच नगरीतला.

हे सर्व आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तही आहे. तथापि एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. घाट बांधण्याचे पुण्य एकदाच पदरी पडते. घाट राखण्याचे काम मात्र दर वर्षी नव्याने करावे लागते. पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरला की त्यांवर गाळाचे जाड थर उरतात. पाण्याचा प्रवाह पायाखालची माती खेचून नेतो. शिंदे घाटाचे उदाहरण बोलके आहे. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो इतका भव्य बांधविला की त्याचे वजन खालच्या भूमीला पेलले नाही. घाट खचला आणि त्याची पुनर्रचना होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. दानशूर घराण्याचे संस्थान गेले, उत्पन्न आटले, वारस दूर राहिले, की दगड मागे उरतात. त्यांना विचारणारे कोणी उरत नाही.

मग दैनंदिन कारभार कोण पाहत असे? जुन्या काशीत याचे उत्तर होते मोहल्ला. गल्लीच्या तोंडाशी फाटक असे, रात्री ते बंद होई आणि त्यावर चौकीदार बसे. या व्यवस्थेला फाटकबंदी म्हणत. हा खर्च मोहल्ल्यातील लोक आपसांत वर्गणी काढून भागवीत. त्याला कायद्याचा आधार नव्हता, पण शेजाराचा होता. त्यात उणिवाही होत्या. जातीची उतरंड फाटकाच्या आतही तशीच होती, आणि ज्याचा आवाज क्षीण त्याचे गाऱ्हाणेही क्षीणच राही. या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. परंतु आपला पैसा कोठे जातो हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होते, एवढे मात्र खरे.

१७७५ मध्ये बनारसचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि १७८१ मध्ये राजा चेतसिंहाच्या उठावानंतर शहराच्या कारभारावरची कंपनीची पकड घट्ट झाली. १८१० मध्ये कंपनी सरकारने घरपट्टी बसविली. वरकरणी कारण रास्तच वाटावे: शहराला पोलीस हवेत, तेव्हा शहराने पैसा द्यावा. परंतु लोकांचा प्रश्न निराळा होता. चौकीदाराचा खर्च आम्ही आधीच उचलतो, इतर करही देतो. मग आमच्या घरावर, तेही आम्हांला न विचारता, हा नवा भार कशासाठी?

डिसेंबर १८१० च्या अखेरीस काशीने आपले व्यवहार थांबविले. दुकाने बंद झाली. लोहार, शिंपी, न्हावी, विणकर, कहार यांनी कामे सोडली. हजारो लोक घरेदारे टाकून शहराबाहेर मोकळ्या मैदानात येऊन बसले. मृतांचे विधी करणारेही मिळेनात, असे तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळविले. शस्त्र न उचलता चाललेला हा प्रतिकार कित्येक आठवडे टिकला. अखेर दडपण आणि मनधरणी यांमुळे लोक घरी परतले. परंतु सरकारलाही हट्ट पुढे रेटता आला नाही आणि १८१२ मध्ये ही घरपट्टी रद्द झाली. धर्मपाल यांनी या घटनेची सरकारी कागदपत्रे १९७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा ती सर्वसामान्य वाचकांपुढे आली. करास नकार देणारे ते लोक केवळ पैसा वाचवू पाहत होते, असे समजणे चुकीचे ठरेल. विचारल्याशिवाय घेऊ नये, हे राज्यकारभाराचे पहिले सूत्र ते आपल्या परीने मांडत होते.

पुढील दशकांत कारभाराचे दुसरे रूप दिसू लागले. १८२० ते १८३० या काळात काशीत असलेल्या जेम्स प्रिन्सेपने शहराचा नकाशा काढला, साचलेल्या पाण्याचा निचरा करणारा भुयारी मार्ग बांधला आणि बालाजी घाटापासून जवळच असलेल्या औरंगजेबाच्या मशिदीच्या मिनारांची डागडुजी केली. काम चोख होते, पण ते वरून आलेले होते. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या ठरावाने लोकनियुक्त सभासदांना वाव देण्याचे धोरण जाहीर झाले. १९१६ मध्ये संयुक्त प्रांतांचा नगरपालिका कायदा आला. १९२३ ते १९२५ या काळात तत्त्वचिंतक डॉ. भगवानदास बनारस नगरपालिकेचे अध्यक्ष होते. ब्रह्मविद्येवर ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाने नळ आणि नाल्यांचा हिशेब पाहावा, हे त्या पिढीला विसंगत वाटले नाही. १९५९ च्या अधिनियमाने नगर महापालिकेची चौकट आली, आणि १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना संविधानात स्थान दिले; त्यांतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या.

आता अनुवादक या नात्याने दोन शब्दांविषयी बोलतो. फिलिपीन्समध्ये कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला ‘बरांगाय’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘बलांगाय’ म्हणजे नाव, होडी. एका होडीतून आलेली माणसे ती एक वस्ती, अशी त्यामागची कल्पना. १९९१ च्या कायद्याने त्या देशाने या घटकांना बरेच अधिकार दिले. तेथे ‘म्युनिसिपालिटी’ खेड्यापाड्यांच्या समूहाचीही असते. म्हणून तिला मराठीत डोळे झाकून ‘नगरपालिका’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. अनुवादकाने शब्द बदलण्याआधी त्या शब्दामागचा कारभार समजून घ्यावा लागतो.

दुसरा शब्द आपलाच आहे. इतर भाषांत ज्याला स्थानिक स्वशासन म्हणतात, त्याला मराठीने ‘स्थानिक स्वराज्य’ म्हटले. स्वराज्य हा शब्द आपण हलक्या हाताने वापरीत नाही. त्यामागे शिवकालाची स्मृती आहे आणि टिळकांच्या चळवळीचा उच्चारही आहे. गल्लीतला दिवा, गटार आणि घाटाची पायरी यांच्या व्यवस्थेला आपण इतका मोठा शब्द दिला आहे. तो सार्थ करण्याची जबाबदारीही मग आपल्यावर येते.

बालाजी घाटाची कसोटी येथेच लागते. याच घाटावरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तरुणपणी सनईचा रियाज केला. डुमरावहून आलेल्या मुसलमान मुलाने मराठी परंपरेशी नाते असलेल्या परिसरातल्या विष्णुमंदिरात बसून सूर घोटावा आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटू नये, ही त्या शेजाराची थोरवी. परंतु त्याच घाटावरची वास्तू काळाच्या ओघात जीर्ण झाली, तिचा भाग ढासळला, आणि २०१२ मध्ये धोक्यातील वारशांच्या जागतिक यादीत तिची नोंद झाली. दूरदेशीच्या संस्थेने घेतलेली ही दखल स्वागतार्ह आहे. पण यादीत नाव येईपर्यंत आपण काय करीत होतो, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

मित्रहो, घाट कोणाचा, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. ज्याने बांधला त्याचे नाव राहावे. ज्याच्या दाराशी तो आहे त्याला त्याच्या व्यवस्थेत विचारले जावे. आणि पूर ओसरल्यावर जी माणसे गंगेचेच पाणी नळीने मारून गाळ पुन्हा गंगेत लोटतात, त्यांना योग्य वेतन आणि सन्मान मिळावा. कारण घाटाचे आयुष्य अखेर त्यांच्या हातांवर अवलंबून आहे. मागील शतकांनी आपल्याला दानाची परंपरा दिली, १८१० च्या काशीकरांनी प्रश्न विचारण्याची दिली, संविधानाने मताचा अधिकार दिला. या तिन्हींची सांगड घालणे हे ज्या त्या गावाचे स्वतःचे काम आहे. आपल्या गावच्या नदीकाठी, विहिरीपाशी किंवा बाजारपेठेत उभे राहून हाच प्रश्न आपण आपल्या पालिकेला विचारावा, आणि उत्तरातला आपला वाटाही उचलावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.