शेहेचाळिसाव्या वर्षी प्रवेश परीक्षा

आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश



२०२३ सालच्या मे महिन्यात साताऱ्यातल्या एका परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मी रांगेत उभी होते. हातात प्रवेशपत्र, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली. तिथल्या सुरक्षारक्षकानं मला अदबीनं बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मावशी, पालकांनी तिकडं झाडाखाली बसायचंय." मी प्रवेशपत्र पुढं केलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाला, "मग जा की आत."

मी कोरेगावची. आमचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक हे बघतात, हिशेब मी बघते. १९९८ साली राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, पुढच्या वर्षी लग्न झालं आणि त्यानंतर परीक्षा म्हणून कुठली दिली नाही. दोन मुलांच्या परीक्षांना दरवर्षी बसल्यासारखीच होते, ते सोडा.

पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम मला करायचा होता. आमच्या वेळी त्याला पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. २०१६ पासून महाराष्ट्रात त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के लागतात, मला ५४ होते. धास्ती होती ती वयाची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांत या अभ्यासक्रमासाठी तीस वर्षांची मर्यादा होती. ती मागं घेतली गेली, २०१६ मध्ये पुन्हा आली आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. लेकीनं पुण्याहून फोनवर हे सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आई, आता वयाचं कारण सांगू नकोस. दुसरं शोध."

दुसरं सापडलं नाही. मग अभ्यासाला लागले.

परीक्षा संगणकावर. दोन तासांत १५० प्रश्न. त्यातले ५० इंग्रजीचे, ४० सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे, ३० तर्काचे आणि ३० कायदेविषयक कल तपासणारे. पुढं ही संख्या १२० वर आणली गेली, पण आमच्या वेळी दीडशे होते. म्हणजे एका प्रश्नाला ४८ सेकंद. तेवढ्या वेळात हल्ली माझ्याच्यानं सुईत दोरा ओवला जात नाही. एक बरं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हा पहिला धडा. दुपारी दोन ते चार दुकान थंड असतं, तेवढाच माझा वर्ग. पहिल्या सराव परीक्षेत मला १५० पैकी ६१ मिळाले. ह्यांनी विचारलं, "पास किती?" मी म्हटलं, "पास-नापास नसतं यात." ते म्हणाले, "मग बरंय."

इंग्रजी सोडून बाकीचे प्रश्न मराठीतही असतात, म्हणून मी निर्धास्त होते. पण मराठीनं मला जास्त दमवलं! 'टॉर्ट' हा शब्द मला ठाऊक नव्हता, पण त्याचं मराठी 'अपकृत्य', ते तरी कुठं ठाऊक होतं? करारात एकानं दुसऱ्याला जे द्यायचं ते 'प्रतिफल'. गुन्ह्याला चिथावणी म्हणजे 'अपप्रेरणा'. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, त्यातून असे शब्द काढून मी खताच्या कंपनीनं दिलेल्या डायरीत लिहीत गेले. एका पानावर युरियाची उधारी, समोरच्या पानावर प्रतिफल.

तर्काचे प्रश्न मला सोपे गेले, याचं घरात सगळ्यांना आश्चर्य. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसलीत, अमका तमक्याच्या शेजारी नाही, तमका फलाण्याच्या समोर आहे, तर उरलेला कुठं? अहो, लग्नातल्या पंगती आम्ही याच हिशेबानं बसवतो. कुणाचं कुणाशी बोलणं नाही हे ध्यानात ठेवून दोनशे पानं मांडणाऱ्या बाईला आठ माणसांचं काय?

चालू घडामोडींसाठी सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकायचे. त्या वर्षी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात चालू होती. दुकानात त्यावर रोज खडाजंगी. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं आली आणि एक तृतीयांश फुटीची सवलत २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनं गेली, हे मी एकदा गल्ल्यावरूनच सांगितलं. सगळे गप्प झाले. एक जण म्हणाला, "वहिनी, ते राहू द्या, डीएपी किती झालं सांगा."

खरी परीक्षा झाली ती कायदेविषयक प्रश्नांत. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांत आधी एक तत्त्व देतात, मग एक हकीकत, आणि विचारतात की हे तत्त्व लावलं तर निकाल काय. उदाहरण सांगते. तत्त्व असं, की अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करार मुळातच निरर्थक असतो. हकीकत अशी, की सतरा वर्षांच्या मुलानं वय खोटं सांगून दुकानातून हप्त्यानं मोबाइल घेतला आणि हप्ते थकवले. दुकानदाराला कराराच्या जोरावर पैसे वसूल करता येतील का? मी ठणकावून लिहिलं, येतील! खोटं बोलला ना पोरगा? आणि आम्हीही दुकानदारच. उत्तर चुकलं. अशा करारावर वसुली होत नाही. मोहोरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ सालीच हे ठरवून टाकलंय.

अशी माझी ओळीनं बारा उत्तरं चुकली. लेक म्हणाली, "आई, तुला काय वाटतं ते विचारलेलंच नाही. वरची ओळ काय म्हणते तेवढंच बघ." हे इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. पंचवीस वर्षं संसारात कुणाचं चुकलं, कुणाला काय मिळायला हवं, हे मी मनानंच ठरवत आले. इथं मन बाजूला ठेवून आधी नियम वाचायचा, शब्द न् शब्द. 'मालकाच्या परवानगीनं' असं लिहिलंय की 'माहितीनं', यावर सगळा निकाल फिरतो. हळूहळू जमायला लागलं. एप्रिलमध्ये ९७ पर्यंत पोचले.

आता मला कायदा शिकायचाच का होता, ते सांगते. २०१२ साली माझे वडील वारले. सव्वातीन एकर बागायत होती. दिवसकार्य झाल्यावर धाकटा भाऊ संपत म्हणाला, "आक्का, एक सही लागंल." आमच्याकडं बहिणी हक्कसोड पत्र करून देतात. देत नाही म्हणणारीचं माहेर तुटतं, असंच सगळे धरून चालतात. दोनशे रुपयांचा मुद्रांक, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, एक लिहिणारा गृहस्थ भराभर पानं उलटत होता आणि मी बोट दाखवील तिथं सही करत होते. मला पैठणी घेतली, पेढे खाल्ले, घरी आले. संपतनं काही फसवलं नाही. तो आजही भाऊबीजेला पहिला फोन करतो. पण मी राज्यशास्त्राची पदवीधर, आणि कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, हे मला सही करून झाल्यावर सात-आठ वर्षांनी पेपरात वाचून कळलं. जमीन गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी, रात्री, मी ते हक्कसोड पत्र ट्रंकेतून काढलं आणि सराव प्रश्नासारखं सोडवायला घेतलं. तत्त्व करार कायद्यातलं: संमती मुक्त हवी. बळजबरी झाली का? नाही. फसवणूक? नाही. कुणी खोटं सांगितलं? नाही. वाचायला कुणी अडवलं होतं? तेही नाही. मग उत्तर? कागद पक्का. माझ्याच खटल्यात मी माझ्याविरुद्ध निकाल दिला आणि तो बरोबर होता. रडू आलं नाही. गॅसवरचं दूध मात्र उतू गेलं. ती जमीन मला परत हवी होती का? खरं सांगायचं तर आजही मला ते नीट सांगता येणार नाही.

परीक्षा झाली. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं, तेव्हा जाऊन-येऊन फारसा खर्चही आला नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा अकरा प्रश्न उरले होते. सगळ्यांना एकाच पर्यायावर टिचक्या मारून मोकळी झाले.

आता दुकानात बारावीच्या मुलांचे पालक मला क्लॅटबद्दल विचारतात, म्हणून थोडं सांगते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला राज्याची वेगळी सीईटी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं तर क्लॅट. महाराष्ट्रात अशी तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. २००८ पूर्वी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा निराळी, मुलं गावोगाव फिरायची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००८ साली सात विद्यापीठांची मिळून पहिली क्लॅट झाली. आता १२० प्रश्न असतात, लांबलचक उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात, चुकीला पाव गुण जातो. अर्जाचे चार हजार रुपये भरावे लागले होते आमच्या शेजारच्या मुलाला. आणि पेपर फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला हुशारी कमी पडत नाही, उतारा संपेपर्यंत वेळ संपतो. हे मला पटत नाही. शमनाद बशीर नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये 'इडिया' ही संस्था काढली, ती गरिबाघरच्या मुलांची या परीक्षेसाठी तयारी करून घेते. बशीर २०१९ मध्ये गेले. काम चालू राहिलं. पालकांना मी एवढंच म्हणते, आठवीपासून रोज इंग्रजी पेपरचं एक पान वाचू द्या, क्लास नंतर बघू.

असो. मला गुण बरे मिळाले. वाटलं, सुटले. पण खरी लढाई कागदांची होती.

अर्ज भरताना मी आधारवरचं, म्हणजे सासरचं नाव घातलं. दाखला, पदवी, गुणपत्रिका सगळ्या माहेरच्या नावावर. पडताळणीत शेरा आला, 'नावात तफावत'. दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं. आणि १९९९ साली लग्नाची नोंदणी कोण करत होतं? शिक्षणात चोवीस वर्षांचा खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र करायला गेले, तर टंकलेखकानं दोनदा विचारलं, "चोवीस महिने ना?"

लग्न माहेरी झालेलं, उंब्रजजवळच्या गावात. म्हणून नोंदणीसाठी तिथल्या ग्रामपंचायतीत गेलो. तीन साक्षीदार हवेत आणि फॉर्मवर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे. कागद अपलोड करायला दोन दिवस उरलेले, वर पावसाची झड. संपतनं मोटारसायकल काढली आणि गुरुजींना रेनकोटात गुंडाळून, मागं पोराला धरायला बसवून, घेऊन आला. गुरुजींनी थरथरत्या हातानं सही केली आणि विचारलं, "काय गं, आत्ता नोंदणी? भांडण-बिंडण नाही ना?"

मग साक्षीदार म्हणून संपतची पाळी. त्यानं पेन उघडलं, पान उलटलं आणि सहीची जागा शोधायला लागला.

मी म्हटलं, "आधी वाच."

"त्यात काय वाचायचं, आक्का? तुझ्या लग्नात मीच वाढप केलंय."

"तरी वाच."

त्यानं चष्मा लावला आणि वाचायला लागला. पाचव्या-सहाव्या ओळीवर थांबला. "हितं तारीख चुकलीया. सोळा मे पायजे, पंधरा घातलीया." लिहिणाऱ्यानं जीभ चावली. फॉर्म पुन्हा लिहिला, गुरुजींना पुन्हा सही करायला लावली. तो तसाच अपलोड झाला असता तर लग्नपत्रिकेशी जुळला नसता आणि पुन्हा शेरा आला असता.

सही करून संपत बाहेर पायरीवर आला. पाऊस थांबायची वाट बघत आम्ही दोघं उभे होतो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आक्का, ती बारा सालातली कागदं तू वाचली व्हतीस का?"

"नाही."

"मी बी न्हाई."

मग तो गुरुजींना सोडायला गेला. मी एसटीनं कोरेगावला आले, रात्री लेकीनं पुण्यातून माझा सगळा संच चढवला. पुढच्या फेरीत साताऱ्याचं कॉलेज मिळालं. पहिल्या दिवशी वर्गात गेले तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या.