मुक्काम मालकाच्या नावावर

(मंचाच्या सभेत झालेल्या भाषणाचा हा लिखित पाठ. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका मित्रानं विचारलं, "परदेशातून माणसं आणताना मालकानं पाळायचे नियम, हा काय आपल्या मंचाचा विषय? हा तर एच.आर.वाल्यांचा." मला तसं वाटत नाही. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण ब्रिटनमध्ये कुणा ना कुणाच्या स्पॉन्सरशिपवर आले, आणि आता त्यातलेच काही जण दुसऱ्यांना स्पॉन्सर करणाऱ्या खुर्चीत बसले आहेत. होम ऑफिसच्या त्या संगणक प्रणालीत ज्यांचं नाव 'लेव्हल वन यूजर' म्हणून आहे, असेही दोन-तीन चेहरे मला समोर दिसतायत. तेव्हा विषय आपलाच आहे.

आधी यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो. कंपनीला परदेशी माणूस नेमायचा तर होम ऑफिसकडून स्पॉन्सर लायसन्स घ्यावं लागतं. मग ठरावीक कामासाठी, ठरावीक पगारावर, एका ठरावीक माणसाच्या नावे 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' काढायचं. नाव सर्टिफिकेट असलं तरी कागद नसतोच, संगणकातला एक क्रमांक असतो. तो क्रमांक हाती आला की माणूस व्हिसाचा अर्ज करतो. २००८ साली हे 'टियर टू' म्हणून सुरू झालं, १ डिसेंबर २०२० पासून त्याला 'स्किल्ड वर्कर' म्हणू लागले. पाटी बदलली, दुकान तेच. त्याआधीचं वर्क परमिटसुद्धा मालकालाच मिळायचं.

लायसन्सच्या बदल्यात मालकावर पहाऱ्याचं काम येतं. माणूस न सांगता सलग दहा दिवसांहून जास्त कामावर आला नाही, पगार कमी झाला, नोकरी सुटली, की दहा कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचं. म्हणजे आपला मॅनेजर हा अर्धवेळ इमिग्रेशन अधिकारी. नोकरी गेल्याची खबर पोचली की होम ऑफिस व्हिसाची मुदत कापतं आणि साधारणपणे साठ दिवस हातात ठेवतं. तेवढ्यात दुसरा लायसन्सवाला मालक शोधायचा, त्याच्याकडून नवं सर्टिफिकेट मिळवायचं, नवा अर्ज, नवी फी. घराचा भाडेकरार, मुलांची शाळा, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी, सगळं त्या साठ दिवसांच्या दोरीवर टांगलेलं.

आता वर्तमानपत्रांत चर्चा कशाची होते? पगाराच्या आकड्याची. किमान पगाराची साधारण अट एप्रिल २०२३ मध्ये २६,२०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती ३८,७०० झाली, २२ जुलै २०२५ ला ४१,७००. त्याच दिवशी कामाची पातळीही पुन्हा पदवीच्या दर्जावर नेली. डावे म्हणतात फार कडक, उजवे म्हणतात अजून हवं. पण या सगळ्या वर्षांत एका गोष्टीला कुणी हात लावला नाही: माणसाचा या देशातला मुक्काम एका मालकाच्या मर्जीला बांधलेला असावा का? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. आकडा वर गेला काय आणि खाली आला काय, दोरी तीच राहते.

ही दोरी काय करते ते केअर क्षेत्रात उघड दिसलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं वृद्धांची, अपंगांची देखभाल करणाऱ्यांसाठी हा व्हिसा खुला केला. कोविडनंतर माणसं मिळत नव्हती. दार उघडताना मालकांची तपासणी किती झाली? मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी निरीक्षकाच्याच अहवालात आहे: अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला २७५ सर्टिफिकेटं दिली गेली होती. माणसं मात्र खरी होती. घर-जमीन गहाण टाकून, दलालाला लाखो रुपये मोजून आलेली. वास्तविक नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला ब्रिटनच्या १९७३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि भारतातल्या नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये अधिक करापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. कायदे दोन्हीकडे आहेत. असो.

मग सरकारनं बडगा उचलला. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्सं रद्द केली. या मालकांशी जोडलेले कामगार होते ३९,००० हून अधिक, हा आकडा सरकारनंच दिलेला. यातली गोम लक्षात घ्या. फसवणूक केली मालकानं, शिक्षा झाली मालकाला, पण मालकाचं लायसन्स म्हणजेच कामगाराचा मुक्काम. त्यामुळे तक्रार करणारा माणूस स्वतःच्याच पायाखालची फळी काढत असतो. रात्री साडेअकरापर्यंत राबवून आठ तासांचे पैसे देणाऱ्या मालकाविरुद्ध कोण तोंड उघडेल? पुढे ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करांना कुटुंब आणायची बंदी झाली, आणि २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवी भरतीच बंद. एप्रिल २०२५ मध्ये एवढं मात्र झालं की इंग्लंडातल्या केअर कंपन्यांनी आधी इथेच अडकलेल्या कामगारांतून माणसं शोधावीत असा नियम आला. चांगला नियम. यायला फार उशीर झाला.

काही जण म्हणतील, ते केअरवाले, आपण आय.टी.वाले, डॉक्टर, अकाउंटंट. आपला काय संबंध? पुण्याहून कंपनीच्या बदलीवर आलेल्यांना विचारा. एप्रिल २०१० नंतर त्या मार्गानं आलेल्यांची इथली वर्षं कायमच्या वास्तव्यासाठी धरलीच जात नाहीत. कंपनीनं परत पाठवलं की चालू लागायचं. इथे पगारवाढीची बोलणी कोण किती जोरात करतो, हे आपण पाहिलेलं आहे.

आणि दोरीशिवायही कुशल माणूस येऊ शकतो, हे याच देशानं करून दाखवलं होतं. २००२ साली हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्राम निघाला. शिक्षण, अनुभव, मिळकत यांचे गुण मोजायचे आणि व्हिसा माणसाच्या स्वतःच्या नावावर. मालकाचा संबंध नाही. आपल्यातले कितीतरी जण त्यावर आले. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारनं खेळ चालू असतानाच नियम बदलले, आधी आलेल्यांनाही नव्या अटी लावल्या. लोक गप्प बसले नाहीत. एच.एस.एम.पी. फोरम कोर्टात गेला आणि एप्रिल २००८ मध्ये हायकोर्टानं निकाल दिला की आधीच आलेल्यांना हे लागू करणं बेकायदा आहे. त्याच महिन्यात भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना 'बापिओ' हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी मागे सारणारी आरोग्य खात्याची मार्गदर्शिका बेकायदा ठरली. हे दोन्ही लढे सुशिक्षित, नोकरदार, 'आपल्याला राजकारण नको' म्हणणाऱ्या माणसांनी लढले होते.

दोरीचा दुसरा धडा घरकामगारांचा. परदेशी कुटुंबाबरोबर आलेल्या मोलकरणीला १९९८ पासून इथे मालक बदलता येत असे. २०१२ मध्ये ती मुभा काढली. छळाच्या कहाण्या बाहेर आल्या, सरकारनंच जेम्स युइन्स यांना अभ्यास करायला सांगितलं, त्यांनी मालक बदलण्याचा हक्क परत द्या असं सुचवलं. २०१६ मध्ये तो परत दिला, पण मूळ सहा महिन्यांच्या मुदतीपुरता. सहा महिन्यांतले दोन उरलेल्या बाईला कोण कामावर ठेवणार? आखाती देशांतल्या 'कफाला' पद्धतीला इथले पुढारी नावं ठेवतात. कतारनं २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. तिथे अंमलबजावणीची बोंब आहे हे मान्य, पण इथे निदान आरशात बघायला हरकत नाही.

"मालकानं हजारो पौंड खर्च करून आणलेला माणूस दुसऱ्या महिन्यात पळाला तर?" हा आक्षेप नेहमी येतो. स्थानिक माणसाला शिकवून तयार केला आणि तो पळाला, तर मालक काय करतो? पगार वाढवतो, वागणूक सुधारतो. तेच करावं. बाकीचे देश काय करतात तेही बघा. अमेरिकेच्या एच-वन-बी पद्धतीची कौतुकं करायची माझी इच्छा नाही, पण तिथे २००० सालापासून नव्या मालकानं अर्ज दाखल केला की माणूस काम सुरू करू शकतो, निकालाची वाट बघत बसावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून नवा स्पॉन्सर शोधायला सलग १८० दिवस मिळतात, आणि त्या काळात दुसरं काम करता येतं. आयर्लंडनं २०२४ च्या कायद्यानं नऊ महिन्यांनंतर मालक बदलायची वाट मोकळी केली. युनिसन या कामगार संघटनेची मागणी आहे की केअर क्षेत्रापुरतं एक सामाईक सर्टिफिकेट असावं, कामगार त्या क्षेत्रात कुठेही जाईल. क्रांती वगैरे काही नाही यात.

उलट इथे दोरी लांबवायचं चाललं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्र्यांनी प्रस्ताव मांडला: कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं, पदवीपेक्षा खालच्या दर्जाच्या कामावर असलेल्यांना पंधरा. मात्र सलग तीन वर्षं ५०,२७० पौंडांवर करपात्र मिळकत असेल तर पाच वर्षांची सूट, १,२५,१४० वर असेल तर सात. म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याच जणांना जुनाच हिशेब लागू राहील आणि केअर होममधल्या मावशीला पंधरा वर्षं. सूट आपल्याला मिळते म्हणून आपण यावर गप्प बसणार का, हे मला आज तुम्हाला थेट विचारायचं आहे. २००८ च्या निकालांचा फायदा घेतलेल्यांना तर जास्तच.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी आपल्या कंपनीचं नेमणूकपत्र घरी नेऊन नीट वाचा. नोकरी सोडल्यास खर्च परत करण्याचं कलम बहुधा असेल. त्यात स्किल्स चार्ज धरलेला असेल तर तो वसूल करणं नियमाविरुद्ध आहे. १६ डिसेंबर २०२५ पासून मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२० पौंड पडतात, ते मालकाचेच. ३१ डिसेंबर २०२४ पासून लायसन्सची आणि सर्टिफिकेटची फीसुद्धा कामगाराच्या माथी मारता येत नाही. व्हिसा फी आणि हेल्थ सरचार्जचं तसं नाही, तो खर्च मागता येतो, पण मग रक्कम महिन्यागणिक उतरती हवी असा आग्रह धरा. हे करायला संसदेची गरज नाही.

दुसरं, आपल्याला गावाकडून फोन येतात: "दादा, अमुक कंपनी खरी आहे का हो?" होम ऑफिस स्पॉन्सरांची यादी संकेतस्थळावर ठेवतं, ती बघा. तेवढ्यावर थांबू नका. कंपनीज हाउसमध्ये कंपनी किती जुनी, हिशेब कधी भरले ते बघा. पत्ता इंग्लंडातल्या केअर होमचा असेल तर केअर क्वालिटी कमिशनची नोंद बघा. आणि एजंटानं पैसे मागितले आहेत का, हे फोनवर सगळ्यात आधी विचारा. बहुतेकदा लोक ते शेवटी सांगतात, पैसे देऊन झाल्यावर.

आता प्रश्न घेऊ या.