माझी बँजोवाली मैत्रीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परदेशातले अनुभव सांगायला उभे केले आहे. पण तिकडचे रस्ते नि इमारती यांची वर्णने तुमच्या मुला-सुनांकडून तुमची ऐकून झाली आहेत. मी आज एका मैत्रिणीविषयी बोलणार आहे.

धाकट्या मुलाकडे बॉस्टनजवळ मी प्रथम गेले ती २००४ साली. समोरच्या घरात पंचाहत्तरीच्या एक बाई एकट्याच राहत. त्यांच्या तळघरातून तारा छेडल्याचा आवाज येई. सूनबाई म्हणाली, "आई, त्या जुने बँजो दुरुस्त करतात." मला वाटले, आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तोच बेंजो! पण आपला तो बटणांचा, बुलबुलतरंगाच्या जातीचा. त्याचे मूळ जपानात. हा अगदी निराळा. लाकडाचे गोल कडे, त्यावर डफासारखे ताणलेले वासराचे कातडे, लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड. ती दांडीच्या मधल्याच एका खुंटीपासून निघते आणि अंगठ्याने छेडतात. सतारीची चिकारी वाजते ना, तशी ती मधून मधून वाजत राहते.

महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जुन्या बँजोंची शौकीन मंडळी जमत. एक निवृत्त पोस्टमन, एक दातांचे डॉक्टर, एक कॉलेजातली मुलगी. वाजवणे थोडे, तपासणीच फार! खुंट्या मूळच्याच आहेत का, आतल्या दांड्यावर शिक्का कोणाचा, नंबर कोणता. बॉस्टन हे या धंद्याचे मोठे ठाणे होते. फेअरबँक्सचा कारखाना तिथलाच, तो १९०४ साली व्हेगा कंपनीकडे गेला. त्यांचा १९०९ पासूनचा 'ट्यूबाफोन' पेटीतून निघाला, की आपण जुन्या पैठणीच्या पदरावर वाकून पाहतो तशी ती मंडळी वाकत. १८९० च्या सुमारास तिकडे चांगल्या घरच्या मुली-बायका मंडळे काढून बँजो वाजवीत, हेही मला तिथेच कळले. म्हणजे एका परीने आपल्याच पंक्तीतल्या!

पण कोणी नवा माणूस आला, की बाई त्याला आधी भिंतीवरच्या चित्रापाशी नेत. अठराव्या शतकाच्या अखेरचे, साउथ कॅरोलिनातले चित्र. त्यात गुलाम केलेली काळी माणसे आहेत आणि एकाच्या हातात भोपळ्याचा बँजो. हे वाद्य त्या लोकांचे. आफ्रिकेतून धरून आणलेल्यांना बरोबर सामान कुठले घेता येणार? पण वाद्य कसे करायचे हे त्यांना ठाऊक होते. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून, त्यांचेच वाद्य घेऊन, रंगभूमीवर त्यांचीच टवाळी केली. कारखाने आले ते त्यानंतर. बाई हे सारे आवाज न चढवता सांगत, पण सांगितल्यावाचून पेटी उघडीत नसत.

प्रत्येक वाद्याला त्यांनी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. कोणी केले, केव्हा केले, कोणाकडे होते, काय मोडले, काय बदलले. माहीत नसेल तिथे रिकामी ओळ. अंदाजाने एक अक्षर लिहायच्या नाहीत.

आता माझा पराक्रम ऐका. एकदा त्या वर कॉफी करायला गेल्या होत्या. एका बँजोचे कातडे मला फार कळकट दिसले. जन्मभर तांब्या-पितळेची भांडी घासलेली मी! ओले फडके घेतले आणि चांगले चोळून काढले. त्या खाली आल्या तेव्हा डाग गेला होता आणि कातडे भिजून सैल पडले होते. तो मळ नव्हता. कोणीतरी वर्षानुवर्षे वाजवताना जिथे हात टेकला, तिथली ती खूण होती. कडेला पेन्सिलीने काही लिहिलेले होते, तेही गेले. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इतकेच म्हणाल्या, "कॉफी निवेल."

पंधरा दिवस मी त्यांच्या दाराशी गेले नाही. शेवटी त्याच तोच बँजो घेऊन आमच्याकडे आल्या. कातडे सुकले होते, ते ताणायला त्यांना मदतीला माणूस हवा होता, म्हणे. कड्याभोवतीचे स्क्रू एकाच बाजूचे आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तबल्याचे गठ्ठे आणि हातोडी समजावून सांगितली. त्या खूप हसल्या. इंग्रजीत अहो-जाहो नसते, पण मी मनातल्या मनात त्यांना 'अहो' म्हणत असे. त्या दुपारपासून 'अगं' म्हणू लागले.

पुढे सहा वेळा गेले, दर वेळी तळघरात आमची बैठक ठरलेली. २०१३ च्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हा मी इथे होते. पुढच्या उन्हाळ्यात गेले, तर पोस्टमन पेटी घेऊन दारात उभे. तो बँजो तिने माझ्यासाठी ठेवला होता. चिठ्ठी मी तेव्हा प्रथम वाचली. तिच्या अक्षरात लिहिले होते: हाताची खूण आणि पेन्सिलीची अक्षरे एका मैत्रिणीने पुसली. तिला तो मळ वाटला. अक्षरे वेळेवर उतरून घ्यायचे माझ्याकडून राहिले.

मैत्रिणीचे नाव घातले नव्हते. ती ओळ रिकामी होती. मी पेन्सिल मागून घेतली आणि तिथे माझे पूर्ण नाव मराठीत लिहिले.

तो बँजो मी आज आणला आहे, मागच्या टेबलावर आहे. आपल्या दमट हवेत कातडे सैल पडते, त्यामुळे आवाज जरा बसका लागेल. चहाच्या वेळी अवश्य पाहा, तारा छेडून बघा. भज्यांचे हात तेवढे पुसून या.