हिरवे दिसले म्हणजे जंगल झाले का?

(सिंगापूर येथील मासिक बैठकीतील भाषणाचा संपादित मजकूर)



पुलाव उबिनवर सायकल चालवून आलेले इथे बरेच जण असतील. तिथल्या शांत तळ्यांसमोर फोटोही काढले असतील. ती तळी म्हणजे ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी. होर्सबर्ग दीपस्तंभाचा (१८५१) दगड याच बेटावरचा. जोहोरला जाणाऱ्या कॉजवेसाठी उबिन आणि बुकित तिमाह या दोन्हीकडचा दगड वापरला गेला. उबिनची शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. आज तिथे सगळे हिरवेगार आहे. म्हणजे जमीन सावरली का?

माझा व्यवसाय उपग्रहचित्रे तपासण्याचा. आमच्या धंद्यात या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देतात. पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, आणि निरोगी पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून उणे एक ते एक या दरम्यानचा निर्देशांक काढतात. आकडा मोठा तितकी हिरवाई जास्त. स्वस्त, झटपट, आणि अहवालात रंगीत नकाशा फार देखणा दिसतो!

अडचण अशी की हा आकडा हिरवे किती ते सांगतो, कोण हिरवे ते सांगत नाही. सिंगापुरात मोकळ्या सोडलेल्या जमिनीवर अल्बिझियाचे उंच झाड भराभर वाढते. मोलुक्का बेटांकडचे हे झाड १८७० च्या दशकात इथे आणले गेले. हवेतला नायट्रोजन मुळांशी साठवत असल्याने निकस जमीनही त्याला चालते. वरून पाहिले तर अल्बिझियाचे रान आणि बुकित तिमाहचे मूळ अरण्य यांचे आकडे जवळपास सारखे येऊ शकतात.

आता विदर्भात चला. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वणी-चंद्रपूरकडच्या उघड्या खाणींशेजारी माती-दगडाचे डोंगर उभे आहेत. खाणीतली माणसे त्यांना नुसते 'ओबी' म्हणतात. कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींची जमीन २००८ पासून दरवर्षी उपग्रहाने तपासली जाते. ही चांगलीच गोष्ट आहे; किती जमीन खोदलेली, किती भरलेली, किती लावलेली, ते लपवता येत नाही. पण ओबीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ किंवा नुसती घाणेरी माजली तरी नकाशा हिरवाच होतो. आणि यात पैसा गुंतलेला आहे. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये एस्क्रो खात्यात ठेवायचे होते, आणि तपासणीनंतर ते टप्प्याटप्प्याने परत मिळायचे होते. तेव्हा 'यश' कशाला म्हणायचे, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच हिशेबाचाही आहे.

रोपे जगल्याची टक्केवारी हे दुसरे आवडते माप. टँकरने पाणी घालून रोप तीन वर्षे जगवता येते हो! टँकर बंद झाल्यावर काय होते? मला त्या झाडांखाली वाकून पाहावेसे वाटते. कुणी न लावलेली रोपे उगवली आहेत का? पालापाचोळा कुजतो आहे का? मातीत सेंद्रिय कर्ब वाढतो आहे का? नागपूरच्या 'नीरी'ने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर काम केले ते मातीपासूनच: साखर कारखान्यातला प्रेसमड, मुळांवर वाढणारी उपयुक्त बुरशी, नायट्रोजन धरणारे जिवाणू. झाडे त्या जोरावर उभी राहिली. हे उपग्रहाला वरून दिसत नाही. त्यासाठी खुरपे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी एक आदेश दिला, त्याची पुरेशी चर्चा झाली नाही. सरन्यायाधीश शरद बोबडे (आपल्या नागपूरचे!) यांच्या पीठाने केंद्राला सांगितले की, खाणपट्ट्यात अशी अट घाला: खाण संपल्यावर धारकाने तिथे पुन्हा गवत उगवावे आणि जमीन चारा, वनस्पती, प्राणी यांच्या योग्य करावी. यातला 'चारा' हा शब्द मला मोलाचा वाटतो. घाणेरी गुरे खात नाहीत. म्हणजे हे माप गुराख्यालाही लावता येते, त्याला आमच्या सॉफ्टवेअरची गरज नाही.

माप लावायचे तर तुलनेला काही हवे. सिंगापूरला ती सोय आहे. सिन सेंग या जुन्या खाणीभोवती २०२२ मध्ये रायफल रेंज नेचर पार्क उघडले. तिथे परदेशी तण काढून देशी झाडे लावली, आणि शेजारीच बुकित तिमाहचे राखीव अरण्य आहे. तिथून पक्षी बिया आणतात, आणि जंगल कसे असायला हवे याचा नमुनाही समोरच उभा असतो. वणीच्या ओबीशेजारी दुसरी ओबी असते. तिथला नमुना खोदण्याआधीच नोंदवून ठेवावा लागतो: कोणते गवत, कोणती झाडे, विहिरीला पाणी किती हातांवर, कुणाची किती गुरे चरत होती.

आपल्यातले बरेच जण बँकांत आणि कोळशाच्या व्यापारात आहेत. कर्जाच्या फायलीत हिरवा नकाशा आला की त्यासोबत ही नोंदही मागा. आणि नकाशा कोणत्या महिन्यातला आहे तेही विचारा. विदर्भात सप्टेंबरमध्ये उघडा माळही हिरवा दिसतो. मला मे महिन्यातले चित्र हवे असते.