सुरक्षा कोणाच्या टेबलावर?

सरकारी माहिती चोरीला गेली की आपण हॅकरकडे बोट दाखवतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी आधी विचारतो, त्या कार्यालयात सुरक्षेची जबाबदारी कोणाकडे होती?

अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयात ती विभागाविभागांत विखुरलेली होती. नेमलेले सुरक्षा अधिकारी सहसा या विषयातले तज्ज्ञ नसत. नेहमीचं काम सांभाळून हे जादा काम करत. सुरक्षेच्या कारभारातल्या गंभीर त्रुटी महानिरीक्षक २००७ पासून दाखवत होते. सुधारणा रेंगाळली. २०१५ मध्ये उघड झालं, २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसेही गेले.

पासवर्ड बदलता येतो, बोट नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी सरकारी प्रकल्पावर काम करेल. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतं, याआधी विचारा : जबाबदार कोण आणि त्याला अधिकार किती?