सलाईनच्या बाटलीत जेवण नसते



राऊंड चालू असताना नातेवाईक हमखास एक विनंती करतात, "डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा ना!" अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाच टक्के ग्लुकोज असेल, तर साखर होते 25 ग्रॅम. शंभर कॅलरीही नाहीत, आणि प्रथिने शून्य. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर तेवढेही नाही. शरीरातले पाणी कमी झाले असेल तर सलाईन जीव वाचवते. पण ते जेवण नव्हे. यात नातेवाईकांना काय बोल लावायचा? हा समज दवाखान्यांनीच वाढवला.

अमेरिकेत डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी 1974 साली एक झोंबणारा लेख लिहिला. रुग्ण रुग्णालयात राहूनच कुपोषित होतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दिलेली कारणे आजही ओळखीची वाटतील : उंची-वजनाची नोंद नाही, दिवसेंदिवस ग्लुकोज-सलाईन, तपासणीसाठी जेवण बंद, आणि रुग्ण किती जेवला हे पाहणारे कोणीच नाही.

यातले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉक्टर केसपेपरवर 'पूर्ण आहार' लिहितात, स्वयंपाकघरातून ताट येते, आणि तासाभराने तसेच परत जाते. तोंडाला चव नाही, दात नाहीत, हाताला सुई टोचलेली, की ताट आले तेव्हाच एक्स-रेला नेले होते? ताटे उचलणाऱ्या मावशींना जे ठाऊक असते, ते केसपेपरवर कधी चढत नाही. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत ज्याला भरवावे लागते त्याचे जेवण लाल ट्रेमध्ये देतात, म्हणजे येता-जाता कोणाच्याही लक्षात येते. याला खर्च तो किती!

कुपोषित रुग्ण हाडकुळाच असतो असेही नाही. लठ्ठ माणूस महिनाभर धड जेवला नाही तर त्याचेही स्नायू झडतात. यकृताच्या आजारात पाय-पोट सुजते, वजनकाटा वर जातो आणि दंड मात्र बारीक होत जातो. म्हणून काट्याबरोबर डोळेही वापरावे लागतात.

मात्र उपासमार झालेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते, हृदयाची लय बिघडू शकते. तिथे आधी थायमिन, मग थोडे थोडे अन्न, आणि रोज रक्ततपासणी हवी.

एवढे करून फायदा काय, असे विचारणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंडचे उदाहरण आहे. तिथल्या आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे जेवण, निम्म्यांना आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची गरज मोजून ठरवलेला आहार. महिनाभरात पहिल्या गटात शंभरातले सुमारे दहा दगावले, दुसऱ्यात सात. एखाद्या नव्या औषधाने हे साधले असते, तर त्याची केवढी जाहिरात झाली असती!

तेव्हा घरचे कोणी दाखल झाले, तर पहिल्याच दिवशी वजन करून ते केसपेपरवर लिहून घ्या. गेल्या काही महिन्यांत कपडे सैल झाले असतील तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगा. आणि ताट अर्धे उरले, तर ते मुकाट्याने झाकून ठेवू नका; सिस्टरना दाखवा.